दंतवैद्याच्या दाराशी

रायपूरला 2003 साली शासकीय दंत महाविद्यालय निघाले. तेथे दंतवैद्य घडतात. परंतु दवाखान्याच्या दाराशी रुग्णाची नोंद करणारा मनुष्य कोठे घडतो? 1948 च्या कायद्याने दंतवैद्य, दात स्वच्छ करणारे आणि कवळ्या घडविणारे यांची दखल घेतली. या चौथ्याची नाही. तो बहुधा कामावरच शिकतो. वेळा देणे, पावत्या फाडणे हे हुशार मनुष्य आठवड्यात उचलतो.

कठीण आहेत ते आकडे. दातांच्या द्विअंकी पद्धतीत पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो, दुसरा त्या भागातील दात. म्हणून 36 म्हणजे ‘तीन-सहा’ : रुग्णाच्या खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. छत्तीसगडातल्या माणसाच्या तोंडी ‘छत्तीस’च येणार म्हणा! पण 46 लिहिले गेले, की दाढ उजवीकडची होते. कचेरीत आम्ही चुकीची नोंद खोडून सही करतो. उपटलेली दाढ तशी परत बसत नाही.

तसाच दूरध्वनी. खेळताना मुलाचा पक्का दात मुळासकट निखळला असता ‘उद्या या’ म्हणून भागत नाही. मूळ न चोळता दात दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत या, हे त्याने वैद्यांना न विचारता सांगितले पाहिजे. आणि रडवेली आई छत्तीसगढी बोलत असेल, तर छत्तीसगढीत.