श्रम निराळे, व्यायाम निराळा

व्यायामाला नव्याने प्रारंभ करणाऱ्यांच्या मनातील काही नेहमीचे प्रश्न

मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव ओलांडत येणारा राष्ट्रीय महामार्ग बेंगळुरूत प्रवेश करताना ‘तुमकूर रस्ता’ म्हणून ओळखला जातो. याच रस्त्यालगत, शहराच्या वायव्येस पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. १९७०च्या दशकात आकाराला आलेली ही वसाहत आशियातील मोठ्या औद्योगिक क्षेत्रांत गणली जाते. यंत्रांचे सुटे भाग, साचे व हत्यारे, विद्युत उपकरणे, तयार कपडे अशा नाना वस्तू येथील लहानमोठ्या कारखान्यांत घडतात. वस्तू घडविणारे हात मात्र स्वतःच्या शरीराच्या घडणीकडे सहसा लक्ष देत नाहीत. चाळिशीच्या आसपास रक्तदाब वाढतो, साखर दिसू लागते, डॉक्टर म्हणतात, “व्यायाम सुरू करा, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या.” आणि मग प्रश्नांची मालिका सुरू होते. हे प्रश्न केवळ पीण्याचे नाहीत. चाकण, भोसरी वा सातपूरच्या कामगारालाही तेच पडतात.

प्रश्नांचे गांभीर्य ध्यानी यावे म्हणून एकच आकडा पुरेसा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?

हा प्रश्न सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महत्त्वाचा. आठ तास लेथ यंत्रासमोर उभा राहणारा कामगार घरी परततो तेव्हा त्याचे अंग आंबलेले असते. त्याला आणखी चालावयास सांगणे क्रूरपणाचे वाटते. उत्तरासाठी थोडे दूर, लंडनच्या बसगाड्यांकडे वळावे लागते.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची गाडी एक, नोकरी एका संस्थेची. फरक इतकाच की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये लक्षणीयरीत्या अधिक आढळले. कामातील हालचाल हृदयाचे रक्षण करते, असा अर्थ यातून निघाला.

पुढे मात्र या निष्कर्षाला एक महत्त्वाची पुरवणी जोडली गेली. २०२१ साली डेन्मार्कमधील एक लाखाहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात असे दिसले की, फावल्या वेळेत केलेली हालचाल हृदयविकाराचा धोका कमी करते; परंतु नोकरीतील जड श्रमांमुळे तो उलट वाढलेला आढळतो. राहणीमान, धूम्रपान आदी बाबी हिशेबात घेतल्यावरही हा फरक उरला.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? वाहक जिना चढत असे तेव्हा हृदयाची गती वाढे, आणि वर पोहोचल्यावर ती खाली येई. हा चढउतारच हृदयाला बळ देतो. यंत्रासमोर तासन्‌तास एकाच जागी उभे राहणे, ओझी उचलणे, शिलाई यंत्रावर मान वाकवून बसणे यांत ठरावीक स्नायूंवर दीर्घकाळ ताण येतो. रक्तदाब चढा राहतो आणि विसावा मिळत नाही. त्या श्रमाने माणूस थकतो, पण हृदय व फुप्फुसे सुदृढ होतीलच असे नाही. म्हणून दिवसभराच्या कष्टांनंतरही थोडा व्यायाम हवा. मात्र तो थकवा वाढविणारा नव्हे, तर आखडलेले शरीर मोकळे करणारा असावा.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. १५० मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस प्रत्येकी अर्धा तास. मध्यम गती ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. सलग दहा मिनिटे चालले तरच ते जमेस धरावे, ही पूर्वीची अटही या तत्त्वांत काढून टाकली आहे. सकाळी दहा मिनिटे, जेवणाच्या सुट्टीत पाच, पाळी सुटल्यावर पंधरा, अशी बेरीज चालते.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत का, हाही नेहमीचा प्रश्न. या आकड्याचा उगम वैद्यकशास्त्रात नसून १९६०च्या दशकात जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या एका उपकरणाच्या नावात आहे. त्याहून कमी पावलांनीही लाभ होतो. अगदीच न चालणाऱ्याने थोडे चालणे हाच सर्वांत मोठा पल्ला होय.

वेळेचे म्हणाल तर पहाटच उत्तम असा नियम नाही. रात्रपाळी करणाऱ्याने आधी झोप पूर्ण करावी, मग उठल्यावर व्यायाम करावा. भरपेट जेवणानंतर मात्र दीड-दोन तास जोरकस व्यायाम टाळावा.

व्यायामशाळेची वर्गणी भरावीच लागेल का?

परवडत असेल तर अवश्य भरावी. परंतु तिच्यावाचून काही अडत नाही. बैठका, भिंतीला हात टेकून वा जमिनीवर काढलेले जोर आणि सूर्यनमस्कार यांना घराची खोली पुरते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रसार केला. त्याच काळात बेंगळुरूत के. व्ही. अय्यर यांनी आपल्या ‘हर्क्युलिस’ व्यायामशाळेत वजनांच्या व्यायामाला सूर्यनमस्कारांची जोड दिली.

पहिल्या आठवड्यात पाच बैठका पुष्कळ झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, ते बहुधा आपोआप शमते. परंतु छातीत दडपण, भोवळ वा श्वास कोंडणे ही लक्षणे दिसताच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी प्रारंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विमाधारक कामगारांसाठी कामगार राज्य विमा योजनेचे रुग्णालय पीण्यातच आहे.

वजन तर बेताचे आहे, मग काळजी कसली?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याबाबत मोलाचे संशोधन केले आहे. भारतीय शरीर वरून कृश दिसले तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक व स्नायूंचे कमी असू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची मोजपट्टीही उपयोगी ठरते. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानले जाते. केवळ पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी उतरत नाही. एकूण हालचाल वाढून आणि आहार आटोपशीर होऊन ती सर्वांगाने घटते.

भात सोडावा का? भुकटी घ्यावी का?

भात सर्वस्वी सोडण्याची गरज नाही. ताटातील त्याचा डोंगर लहान करावा आणि मोकळी झालेली जागा भाजी, उसळ व डाळीने भरावी. जुन्या म्हैसूर भागाच्या आहारात एक उत्तम पर्याय पूर्वापार आहे : ‘रागी मुद्दे’, म्हणजे नाचणीच्या पिठाचे वाफाळते गोळे, आणि सोबत हुलग्यांचे ‘सारू’. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते नाममात्र. नाचणीही पिष्टमय धान्यच आहे, तेव्हा प्रमाण तिलाही लागू आहे.

प्रथिनांच्या भुकटीचे डबे कामगाराच्या पगाराला मोठे भगदाड पाडतात. त्यांची निकड किती, हे साध्या हिशेबाने कळते. प्रौढाला दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ८० ग्रॅम डाळ वा हुलग्यांतून सुमारे १८, ३०० मिलिलिटर दूध-दह्यातून ९, दोन अंड्यांतून १२ आणि दिवसभराच्या अडीचशे ग्रॅम धान्यातून २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बेरीज ५९ होते. अंडी न खाणाऱ्याने मूठभर शेंगदाणे घ्यावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ सालच्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे. त्यापेक्षा दिवसभरातील गोड चहाचे पेले मोजावेत आणि मीठ एकूण पाच ग्रॅमच्या आत ठेवावे.

फरक केव्हा दिसेल?

आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता भरून कोणी दुसऱ्या दिवशी व्याज मागत नाही. शरीराच्या खात्याचेही तसेच आहे. रक्कम लहान असली तरी चालते. हप्ता चुकता कामा नये, आणि चुकलाच तर खाते बंद न करता पुढचा भरावा. वजन हळूहळू उतरते. त्याआधी झोप सुधारते, दम कमी लागतो.

२०१४ साली सुरू झालेल्या मेट्रो मार्गावर ‘पीण्या’ आणि ‘पीण्या इंडस्ट्री’ ही दोन स्थानके रस्त्याच्या बऱ्याच वर, उंचावर आहेत. तेथे सरकते जिने आहेत आणि त्यांच्या शेजारी साध्या पायऱ्याही. लंडनच्या त्या वाहकाला जे बळ नकळत लाभले, ते या पायऱ्यांवर कोणालाही विनामूल्य मिळू शकते. आज निम्म्या पायऱ्यांवर थांबावे लागले तरी हरकत नाही. महिन्याभराने न थांबता वर पोहोचता आले, की जमा झालेली शिल्लक ज्याची त्याला कळेल.