कोको आणि चेटकिणीचा झाडू

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर किंवा ओल्या चपलेवर बुरशी चढलेली तुम्ही पाहिली असेल. ऊब आणि ओल मिळाली की बुरशी वाढते. अशीच एखादी बुरशी उभ्या पिकावर आली तर काय घडते?

चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनते, त्या कोकोच्या झाडाचे उदाहरण घेऊ. त्याला उष्ण, दमट हवा आणि सावली मानवते. ब्राझील देशातील बाहिया राज्याच्या दक्षिण भागात असे हवामान आहे. तेथे जवळजवळ बाराही महिने पाऊस पडतो. जंगलातील उंच वृक्षांच्या सावलीत शेतकऱ्यांनी कोकोच्या बागा वाढवल्या.

१९८९ साली या बागांत एक रोग दिसला. तो मूळचा ॲमेझॉनच्या जंगलातला. रोगट फांदीला एकाच जागी जाड, वेड्यावाकड्या कोंबांचा झुबका फुटतो. म्हणून तेथील लोक त्याला ‘चेटकिणीचा झाडू’ म्हणतात. काही आठवड्यांत हा झुबका वाळतो. रोग संपला असे वाटते. पण बुरशी आत जिवंतच असते.

आता हवामानाचे काम पाहा. वाळलेला झुबका पावसाने भिजतो, उन्हाने सुकतो, पुन्हा भिजतो. असे अनेकदा झाले की त्यावर लहान, गुलाबी भूछत्रे उगवतात. रात्री हवा दमट असताना त्यांतून असंख्य बीजाणू बाहेर पडतात. बीजाणू म्हणजे बुरशीचे अतिसूक्ष्म बीज. वारा त्यांना कोवळ्या कोंबांवर, फुलांवर आणि लहान फळांवर नेतो. तेथे ओलावा मिळाला तर रोग जडतो. ऊन आणि कोरडी हवा लागली तर ते लवकर मरतात.

ज्या ओलाव्याने कोको पोसला, त्यानेच त्याचा शत्रूही पोसला! १९८०च्या दशकात ब्राझीलमध्ये वर्षाला सुमारे ४ लाख टन कोको पिकत असे. २००० सालाच्या सुमारास ते उत्पादन जवळजवळ एक-तृतीयांशावर आले. त्याच काळात कोकोचे भावही पडले होते. हजारो मजुरांची रोजी गेली. कित्येक कुटुंबे काम शोधत शहरांकडे निघाली.

पाऊस थांबवणे माणसाच्या हाती नाही. पण भूछत्रे उगवण्याआधी झुबके कापून नष्ट करणे त्याच्या हाती आहे. सावलीच्या फांद्या थोड्या विरळ केल्या की हवा खेळते आणि झाडे लवकर सुकतात. रोगाला तोंड देणाऱ्या जातींची कलमेही लावली जातात. मात्र हे काम सर्वांनी मिळून करावे लागते. एका बागेत झुबके राहिले, तर शेजारच्या बागेलाही धोका असतो; कारण वारा कुंपण ओळखत नाही.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा : ढगाळ हवा आली की त्याला कोणत्या पिकाची काळजी वाटते, आणि का?