एकही नॉर्म नसताना ग्रँडमास्टर!

काळ्या समुद्राच्या काठी, जॉर्जिया देशात, बाटुमी नावाचे एक शहर आहे. महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा निकाल तेथे 28 जुलै 2025 रोजी लागला. अंतिम लढतीतील दोघीही भारतीय होत्या. एक आंध्र प्रदेशाची कोनेरू हम्पी, वय 38. दुसरी आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय 19. हम्पी 2002 साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. ही लढत दिव्याने जिंकली आणि त्याबरोबर ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली.

यात एक मौज आहे. ग्रँडमास्टर होण्यासाठी एरवी तीन 'नॉर्म' मिळवावे लागतात. बाटुमीला जाताना दिव्याच्या नावावर त्यांतला एकही नव्हता! मग तिला हा किताब मिळाला कसा? आणि मुळात नॉर्म म्हणजे काय? हे समजून घ्यायचे तर थोडी आकडेमोड करावी लागेल. तुम्हांला शाळेत येते त्याहून ती फार अवघड नाही.

पळण्याच्या शर्यतीत घड्याळ असते, उंच उडीला फूटपट्टी असते. बुद्धिबळपटूची ताकद मोजायची कशाने? या प्रश्नावर आर्पाद एलो या गृहस्थांनी एक तोड काढली. हंगेरीत जन्मलेले एलो अमेरिकेत मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि स्वतः चांगले बुद्धिबळपटूही होते. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने 1960 साली आणि जागतिक महासंघाने, म्हणजे 'फिडे'ने, 1970 साली स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला काही गुण असतात. दोघांच्या गुणांतील फरकावरून कोणाकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठरते. विजयाला 1, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य असे धरले, तर दोघांत 200 गुणांचा फरक असताना वरच्या खेळाडूकडून दर डावाला सरासरी 0.76 ची अपेक्षा असते आणि खालच्याकडून 0.24 ची. फरक 400 झाला, की खालच्याची अपेक्षा 0.09 वर येते. डाव संपल्यावर प्रत्यक्ष निकालातून ही अपेक्षा वजा करायची आणि उत्तराला एका ठरावीक संख्येने गुणायचे. नवोदित मुलांसाठी ही संख्या 40, मुरलेल्यांसाठी 20 आणि 2400 गुण ओलांडलेल्यांसाठी 10 असते. येईल तो आकडा तुमच्या गुणांत मिळतो किंवा त्यांतून वजा होतो.

आता एक गंमत पाहा. समजा, हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीच्या एका शाळेत दहा मुले आहेत आणि प्रत्येकाचे 1500 गुण आहेत. एकूण झाले 15,000. ही मुले वर्षभर आपापसांतच खेळली, तर काय होईल? एकाचे जेवढे वाढतील तेवढेच दुसऱ्याचे कमी होतील. बेरीज 15,000 च राहील. वर्षभरात दहाही जणांचा खेळ दुपटीने सुधारला तरी आकड्यांत त्याचा मागमूस लागायचा नाही. बंद डब्यात ठेवलेल्या तापमापीला बाहेरचे ऊन कसे कळावे? आता त्यांतला एक मुलगा नांदेडच्या स्पर्धेत गेला आणि 1700 गुणांच्या खेळाडूला हरवून आला. अपेक्षा 0.24, मिळाले 1; फरक 0.76. त्याला 20 ने गुणले, की 15.2 गुण. परत येऊन तो मित्रांशी खेळेल आणि हरेल, तेव्हा त्या 15.2 मधले थोडेथोडे त्यांच्याही वाट्याला जातील. एक जण बाहेर गेला की सगळ्यांचे माप सुधारते ते असे.

ग्रँडमास्टर किताबाला हीच गोष्ट फार जाचक होते. त्यासाठी एकदा तरी 2500 एलो गुण गाठावे लागतात आणि शिवाय नॉर्म लागतात. एखाद्या स्पर्धेत, साधारणपणे नऊ फेऱ्यांत, 2600 गुणांच्या खेळाडूला शोभेल असा खेळ केला म्हणजे एक नॉर्म. असे नॉर्म मिळून निदान 27 डाव व्हावे लागतात. पण नुसता खेळ चांगला होऊन भागत नाही. प्रतिस्पर्ध्यांत निदान तीन ग्रँडमास्टर हवेत, काही परदेशी हवेत, आणि त्या सर्वांच्या गुणांची सरासरी 2380 च्या खाली असता कामा नये. थोडक्यात, ग्रँडमास्टर व्हायला आधी समोर बसायला ग्रँडमास्टर हवेत!

या अटीची किंमत ज्यांनी मोजली त्यांत मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद सात वेळा मिळवले. 1985 साली राष्ट्रकुल स्पर्धेत कॅनडाच्या केविन स्प्रॅगेटबरोबर ते पहिल्या स्थानी राहिले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. इंटरनॅशनल मास्टर ते 1984 साली झाले होते. त्यापुढची पायरी, म्हणजे ग्रँडमास्टर, त्यांनी गाठली 1997 साली. मध्ये तब्बल तेरा वर्षे! या काळातला भारत डोळ्यांसमोर आणा. 1988 पूर्वी आपल्या देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता. त्या वर्षी विश्वनाथन आनंद झाला, 1991 साली दिब्येंदू बरुआ, आणि तिसरे ठिपसे. म्हणजे नॉर्मसाठी लागणारे तीन ग्रँडमास्टर 1997 पूर्वी संपूर्ण देश धुंडाळूनही मिळाले नसते. ते बाहेरून बोलवावे लागत किंवा आपण परदेशी जावे लागे. ठिपसे हे महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर. पुढे 2000 साली पुण्याच्या अभिजित कुंटे यांनीही हा किताब मिळवला, आणि मग दारे भराभर उघडत गेली.

दिव्याचा जन्म 9 डिसेंबर 2005 चा. आईवडील दोघेही डॉक्टर. मोठी बहीण बॅडमिंटनकडे गेली आणि पाच वर्षांची दिव्या पटाकडे. 2012 साली तिने सात वर्षांखालील मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मग दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे 2014 साली दहा वर्षांखालील आणि ब्राझीलमध्ये 2017 साली बारा वर्षांखालील मुलींचे जगज्जेतेपद. 2023 साली ती इंटरनॅशनल मास्टर झाली, 2024 साली वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिने 11 डावांत साडेनऊ गुण मिळवले, एकही डाव न हरता. भारतीय महिलांनी सुवर्णपदक पटकावले आणि तिला तिसऱ्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णही मिळाले. ऑक्टोबर 2024 मध्ये तिचे एलो गुण 2501 वर पोचले. म्हणजे गुणांची अट पुरी झाली. अडले ते नॉर्मपाशी.

का अडले, हे वरच्या आकडेमोडीवरून ध्यानात येईल. जगात दोन हजारांहून अधिक ग्रँडमास्टर झाले, त्यांत स्त्रिया पन्नासही नाहीत. मुलींच्या स्पर्धेत कितीही पदके मिळवा, समोर तीन ग्रँडमास्टर येण्याचा योग क्वचितच. ठिपश्यांना जी अडचण भूगोलामुळे आली, तीच दिव्याला वेगळ्या कारणाने आली असे मला वाटते.

फिडेच्या नियमांत मात्र एक आडवाट आहे. काही मोजक्या मोठ्या स्पर्धांच्या विजेत्याला नॉर्म न विचारता थेट किताब मिळतो. महिलांचा विश्वचषक ही त्यांतलीच एक स्पर्धा. कोणी म्हणेल, ही तर सूट झाली! सूट कसली? 107 खेळाडूंच्या या स्पर्धेत दिव्याला 15 वे मानांकन होते, आणि हरला तो बाहेर असा मामला. पहिल्या फेरीत तिला चाल मिळाली, तरी पुढे ओळीने सहा लढती जिंकायच्या होत्या. प्रत्येक लढतीत जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तरी सहाही जिंकण्याची शक्यता 64 त एक. आणि तिच्यासमोर निम्म्या-निम्म्याच्या लढती होत्या कुठे? दुसरे मानांकन असलेली चीनची झू जिनर टायब्रेकरमध्ये हरली. मग आपलीच द्रोणवल्ली हरिका, तीही टायब्रेकरमध्ये. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी हिच्याशी दुसरा डाव तर 101 चालींचा झाला आणि तो दिव्याने जिंकला. इतक्या लांबच्या डावात बुद्धीइतकीच कमरेची आणि डोळ्यांचीही परीक्षा असते.

अंतिम लढतीत दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव : प्रत्येकीला 15 मिनिटे आणि दर चालीला 10 सेकंदांची भर. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळातला वेळ संपत आला तशी हम्पीसारख्या कसलेल्या खेळाडूच्या हातून चूक झाली, आणि दिव्याने ती सोडली नाही. डाव संपल्यावर आईच्या गळ्यात पडून ती रडली. किताबाबरोबर तिला 50,000 डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांच्या, म्हणजे कँडिडेट्स स्पर्धेत जागाही.

आता शेवटचे गणित. अंतिम लढतीच्या वेळी हम्पीचे गुण दिव्यापेक्षा सुमारे 80 ने जास्त होते. 80 च्या फरकाला खालच्या खेळाडूकडून दर डावी 0.39 ची अपेक्षा असते. दोन डावांची 0.78. दोन बरोबऱ्यांचा दिव्याला मिळाला 1. फरक 0.22, गुणिले 10. जलद डावांचा हिशेब निराळ्या वहीत मांडतात, त्यामुळे किताब ज्या डावाने दिला तो डाव या वहीत नाहीच. विश्वचषकाच्या अंतिम लढतीतून दिव्याच्या मुख्य एलो गुणांत भर पडली ती एवढीच : 2.2 गुण.