झाकण नाचतंय

सकाळचे साडेआठ वाजलेत. चंद्रपूरच्या मूल रस्त्यावरच्या या गॅरेजचे पत्रे आत्ताच हात लावू देत नाहीत. समोर बॉनेट उघडलेली महिंद्राची जुनी जीप आहे, धानोऱ्याकडून आलेली. मागच्या सीटखाली तेंदूपत्त्याचा चुरा पडलाय. हंगाम चालू आहे, रोज पहाटे मजूर जंगलाकडे न्यायचे, संध्याकाळी पुडक्यांसकट संकलनाच्या फळीवर आणायचे. अशा दिवसांत गाडी उभी राहणं म्हणजे वर्षाचा घास हातचा जाणं.

"सील दोनदा बदललं जी," गाडीवाले काका तिसऱ्यांदा सांगतात. "तरी ऑइल गळूनच राहिलं."

गळती क्रँकच्या मागच्या सीलपाशी आहे. क्लच प्लेटही तेलकट होऊन घसरायला लागलीय. मिस्त्री पाठीवर झोपून खालून बघतो नि बाहेर येतो. "काका, सील बिचारं काय करन? आतूनच ढकलून राहिलं ना त्याले."

गाडी चालू होते. तो टॅपेट कव्हरवरचं ऑइलचं झाकण काढून उलटं करतो आणि त्याच भोकावर नुसतं ठेवतो. झाकण थरथरतं, एकदा टुणकन उडतं आणि कडेला सरकून खाली पडतं. भोकातून फकफक धूर येतो, करपलेल्या तेलाचा, घशात बसणारा.

"बॅक कॉम्प्रेशन," हाताखालचा पोट्टा लगेच म्हणतो. "इंजिन खोला लागते ना, उस्ताद?"

"थांब रे."

या "थांब रे"साठीच मी इथं बसतो. पिस्टनच्या रिंगा लायनरला घट्ट बसलेल्या असल्या की जळालेला वायू वरच राहून पिस्टन ढकलतो. त्या झिजल्या, चिकटल्या किंवा तुटल्या की तोच वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो, तेच बॅक कॉम्प्रेशन. थोडा तर नव्या इंजिनातही उतरतो, त्यासाठीच ब्रीदर असतो. पण ब्रीदर तुंबला तरी झाकण असंच नाचतं. झाकण नाचलं म्हणून थेट हेड उतरवणं हा गाडीवाल्याच्या खिशावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मिस्त्री ब्रीदरचा पाइप काढतो. आत काळा चिकट गाळ आहे. डिझेलमध्ये धुऊन, हवा मारून तो पाइप परत बसवतो. धूर आता मोकळा जातोय, झाकण मात्र नाचतंच. मग तो ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाचा पाइप काढून तोंडावर अंगठा दाबतो, कारण तो पंप ओढलेली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. धुरात फरक पडत नाही. दोन संशय फिटले.

आता पारदर्शक नळी निघते. इंग्रजी 'यू'सारखी वाकवून फळकुटाला बांधलेली, आत पाणी. एक टोक ऑइलपट्टीच्या भोकात रबर लावून घट्ट बसतं, दुसरं मोकळं. गाडी चालू केली की मोकळ्या बाजूचं पाणी दोन बोटं वर चढतं. रेस वाढवली की चार. दिसायला हे काहीच नाही, एक किलोचा दाब पाण्याला १० मीटर उचलतो. पण मागचं सील उडणारं तेल अडवायला असतं, सतत रेटणारा वायू अडवायला नाही.

पुढचं काम मी श्वास रोखून बघतो. तो पहिल्या नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करतो. खाली फडकं धरलंय, बोटं मात्र लांब. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. तो सिलिंडर बंद पडतो, इंजिन लंगडतं, पाणी तिथंच. नट आवळला. दुसरा, तेच. तिसरा नट सैल होतो आणि पाणी बोटभर खाली येतं. ब्रीदरचा धूर विरळ होतो. पोट्टा ओरडतो, "उस्ताद, हाच!"

नोझल काढून कॉम्प्रेशन गेज लावलं जातं. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्याचा काटा २५ च्या आसपास, तिसऱ्याचा १६. पण दाब गॅस्केटमधून जातोय, व्हॉल्व्हमधून की रिंगांमधून? तिसरा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना, गाडी गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावून नोझलच्या भोकातून पंक्चरच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली जाते. सायलेन्सरला कान, काही नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. ऑइलच्या भोकाशी मात्र फुसफुस. मिस्त्री बाजूला सरतो. "काका, तुम्हीच आयका."

काका टोपी काढून वाकतात. बराच वेळ कान तिथंच ठेवतात.

"आयकू येते," ते म्हणतात.

काढलेल्या चार नोझलांपैकी तिसऱ्याचं टोक ओलं आहे. ते डिझेल फवारत नाही, ठिबकतं. ठिबकलेल्या डिझेलनं लायनरवरचं तेल धुऊन निघतं आणि रिंगा कोरड्या घासतात. "पट्टीवर ऑइल वाढून दिसत होतं का?"

"दिसत होतं. मले बरंच वाटलं, कमी तर नाही ना झालं."

काका फळीवर फोन लावतात, मजुरांसाठी दुसरी गाडी बघायला सांगतात. तोवर पोट्ट्यानं चेंबरचा नट काढलाय. ऑइल घमेल्यात पडतंय, पाण्यासारखं पातळ. काका त्यात बोट बुडवतात, चोळतात, नाकाशी नेतात. डिझेलचा वास मला उभ्या जागी येतोय.