इंटर्नशिप हवी? आधी पेठेत फिरा

'केसरी' ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर अवघे २४ वर्षांचे होते. त्याचं कार्यालय आज पुण्याच्या नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात आहे.

आज तुम्हाला अशा वृत्तपत्रात इंटर्नशिप मिळवायची, तर नुसत्या बायोडेटावर भागत नाही. स्वतः हिंडून लिहिलेल्या तीन-चार बातम्या सोबत हव्यात. विषय दाराशीच आहेत: विसर्जनानंतरचं नदीपात्र, रखडलेला वाड्यांचा पुनर्विकास, लक्ष्मी रस्त्यावरचं पार्किंग. प्रत्येक बातमीसाठी किमान दोघांशी बोललेलं दिसावं. मुंबई-दिल्लीच्या राजकारणावरच्या लांबलचक लेखापेक्षा अशी बातमी कितीतरी मोलाची. युनिकोड टायपिंग आणि शुद्धलेखन पक्कं असलेला विद्यार्थी डेस्कवर लगेच उपयोगी पडतो.

अर्ज सुट्टीच्या दोन महिने आधी करावा. आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर फोन जरूर करावा.

विद्यावेतनाचं म्हणाल, तर राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत (२०२४) पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये ठरले. शिक्षण चालू असलेल्यांना मात्र ती लागू नाही. त्यांच्यासाठी श्रेयांक महत्त्वाचे. यूजीसीच्या निकषानुसार इंटर्नशिपचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, म्हणून प्रमाणपत्रावर तासांची नोंद मागून घ्यावी.