लोकलहोस्टवर मराठवाडा

नांदेड जिल्ह्यात 16 तालुके, लातूर जिल्ह्यात 10. या 26 तालुक्यांच्या आठवडी बाजारांची माहिती देणारं छोटं संकेतस्थळ करायचं, तर पहिल्याच दिवशी विकतचं होस्टिंग घ्यायची गरज नाही. उबंटू टाकलेला जुना संगणक पुरतो. मी अशी कामं त्यावरच सुरू करतो.

टर्मिनलमधून अपाचे, मारियाडीबी आणि पीएचपी इन्स्टॉल करायचं. इंटरनेट लागतं ते एवढ्यापुरतंच. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाइप केलं की मागणी 127.0.0.1 या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकात जाते. 80 क्रमांकाच्या पोर्टवर थांबलेला अपाचे ती घेतो आणि पान दाखवतो. नेट गेलं, डेटा संपला, तरी काम चालू राहतं.

नवख्यांना हमखास अडवते ती 403 ची पाटी. फाइली आपल्या होम फोल्डरमध्ये असतात आणि अपाचे चालतो तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या वेगळ्या युजरखाली. उबंटू 21.04 पासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांना बंदच असतं. घाईघाईत सगळ्यांना 777 ची मोकळीक देऊ नये. फाइली ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मध्ये हलवाव्यात, मालकी आपल्याकडे ठेवावी, अपाचेला फक्त वाचू द्यावं. तरीही अडलं, तर एरर लॉगच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

खरी परीक्षा मराठीची. ‘लातूर’ या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं आहेत. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे एकूण 15. ‘नांदेड’ला 18. डेटाबेसचा तक्ता किंवा त्याच्याशी असलेली जोडणी जुन्या लॅटिन-1 वर राहिली, तर गावांच्या नावांऐवजी प्रश्नचिन्हं साठू शकतात. एकदा ती साठली की त्यातून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत. म्हणून डेटाबेस, तक्ता आणि जोडणी या तिन्ही ठिकाणी यूटीएफ8एमबी4 ठेवावं, आणि चाचणीची पहिली नोंद ‘शिरूर अनंतपाळ’सारखी अस्सल मराठी असावी.

झॅम्पसारखा तयार संच सोयीचा आहे, पण सर्व्हर, डेटाबेस आणि परवानग्या एकमेकांशी कशा जोडल्या जातात, हे त्यात झाकलेलं राहतं. विष्णुपुरीत शिकत असा की उदगीरला, एकदा तरी हे सगळं स्वतःच्या हातांनी उभं करा.