क्लाउडच्या बिलातलं भौतिकशास्त्र

रात्री ११ वाजता तुम्ही मोबाइलवर एक पुस्तक मागवता. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत हिरवी खूण उमटते. तेवढ्या वेळात काय काय घडलं असेल? त्या दुकानाचा डेटा अ‍ॅमेझॉनच्या ऑरोरा या डेटाबेसमध्ये असेल, तर तुमच्या ऑर्डरची नोंद सहा ठिकाणी लिहायला धाडली गेली. एकमेकांपासून दूर असलेली तीन केंद्रं, प्रत्येकात दोन प्रती. सहापैकी चार ठिकाणांहून ‘लिहिलं’ असा निरोप आला, तेव्हा कुठे तुम्हाला ती खूण दिसली.

चारच का? समजा, एक अख्खं केंद्र बंद पडलं. दोन प्रती गेल्या, चार उरल्या, म्हणजे लिहिणं चालू राहतं. त्याच वेळी आणखी एक डिस्क दगावली, तर उरतात तीन. आता लिहिता येत नाही, पण लिहिलेलं काहीही हरवत नाही. कारण प्रत्येक नोंद निदान चार प्रतींत आहे, हाताशी तीन प्रती आहेत आणि चार अधिक तीन होतात सात. प्रती तर सहाच! म्हणजे या तिघींपैकी एकीकडे तरी ती नोंद असलीच पाहिजे. जगभरातल्या किती व्यवहारांची सुरक्षितता प्राथमिक शाळेतल्या या बेरजेवर उभी आहे!

असं काही स्वतः उभारायचं तर यंत्रं विकत घ्या, रोजचा बॅकअप घ्या, मध्यरात्री डिस्क गेली तर धावत जा. ऑक्टोबर २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आरडीएस ही सेवा सुरू केली आणि ही सगळी उठाठेव भाड्याने मिळू लागली. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही अशा सेवा आहेत. यांनाच मॅनेज्ड डेटाबेस म्हणतात. महिनाअखेरीस त्याचं बिल येतं, आणि ते बिल वाचण्यासारखं असतं. त्यातल्या बहुतेक ओळींमागे एखादा निसर्गनियम किंवा गणिताचा नियम उभा असतो.

पहिली ओळ यंत्राच्या भाड्याची. एकही ग्राहक आला नाही तरी हा मीटर फिरतो, कारण तुमच्यासाठी राखलेली मेमरी दुसऱ्या कोणाला देता येत नाही. मग यंत्र बंद ठेवलं तर? आरडीएसमध्ये ते ठेवता येतं, पण सात दिवसांनी ते आपोआप सुरू होतं, म्हणजे देखभालीची आवश्यक अपडेट्स चुकत नाहीत. शिवाय बंद असतानाही साठवणुकीचे पैसे चालूच राहतात. डेटा डिस्कवर जागा अडवून बसलेलाच असतो ना!

दुसऱ्या केंद्रात जुळी प्रत हवी असेल, तर भाडं जवळपास दुप्पट. आरडीएसच्या नेहमीच्या दोन यंत्रांच्या रचनेत ही जुळी प्रत वाचायलासुद्धा मिळत नाही. ती मूळ प्रतीबरोबर क्षणाक्षणाला लिहीत राहते आणि मूळ यंत्र पडलं की साधारण एक-दोन मिनिटांत त्याची जागा घेते. दुप्पट पैसे मोजून तुम्ही वेग विकत घेत नाही. वाईट दिवसातली ती एक-दोन मिनिटं विकत घेता.

आता साठवणुकीकडे वळू. इथे अनेकांना चकवणारी एक गंमत आहे. जीपी-२ या प्रकारच्या डिस्कवर दर जीबीमागे सेकंदाला तीन वाचन-लेखनं मिळतात. १०० जीबी घेतले, तर ३००. पण चाचणी करताना वेग ३,००० भरतो! कसा? गच्चीवरची टाकी आठवा. नळाला धार बारीक असते, तरी टाकी भरलेली असेल तोवर घरातले सगळे नळ जोरात वाहतात. इथल्या टाकीत ५४ लाख श्रेयांक मावतात आणि एका वाचन-लेखनाला एक खर्च होतो. पूर्ण जोरात वापरलं, तर साधारण अर्ध्या तासात टाकी रिकामी होते आणि वेग धाडकन दहा पटींनी घसरतो. प्रोग्रामचं एक अक्षरही बदललेलं नसतं! यापुढच्या पिढीच्या जीपी-३ मध्ये ३,००० ची धार डिस्कच्या आकारावर अवलंबून नसते.

सगळ्यात विस्मयकारक मर्यादा मात्र अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या डेटाबेसला प्रश्न विचारायचा, तर सरळ रेषेतही अंतर जवळपास १३,००० किलोमीटर. जाऊन-येऊन निदान १३० मिलिसेकंद. एका पानासाठी असे २० प्रश्न एकामागून एक विचारले, की अडीच सेकंद नुसत्या प्रवासात गेले! कितीही महागडं यंत्र घ्या, यातला एक मिलिसेकंदही कमी होणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केंद्रं उघडली, त्याचा इथल्या वापरकर्त्याला झालेला मोठा फायदा हाच.

अ‍ॅमेझॉनच्या एका भौगोलिक विभागातली केंद्रं एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत का असतात, तेही आता उलगडतं. तिथे जाऊन-येऊन एखादाच मिलिसेकंद लागतो, म्हणून प्रत्येक नोंदीला दुसऱ्या केंद्राच्या होकारासाठी थांबणं परवडतं. तीच प्रत मुंबईहून हैदराबादला ठेवायची, तर सहसा कोणी थांबत नाही. नोंद मागाहून पोहोचते. मुंबईतलं सगळंच एकदम कोलमडलं, तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी हरवू शकतात. वेग हवा की खात्री? इथे पैसे टाकून दोन्ही मिळत नाहीत.

सगळ्याच ओळी निसर्गाच्या मात्र नव्हेत. डेटा आत आणायला फुकट आणि बाहेर न्यायला दर जीबीमागे शुल्क, हा व्यापारी निर्णय आहे. सेवा कायमची सोडून जाणाऱ्यांसाठी हे शुल्क गूगलने जानेवारी २०२४ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनने मार्चमध्ये माफ केलं. रोजच्या वापरात ते अजून लागतंच.

आणि काही ओळी चक्क आपण स्वतः लिहितो. १ कोटी ग्राहकांच्या यादीतून एक नाव शोधायचं आहे. इंडेक्स, म्हणजे शोधासाठी बनवलेली सूची असेल, तर तीन-चार टप्प्यांत त्या पानापर्यंत पोहोचता येतं. नसेल, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं चाळावी लागतात, आणि ती सहज लाखाच्या घरात जातात. ऑरोराच्या मूळ दरपद्धतीत डिस्कवरच्या वाचनांचेही पैसे लागतात. विसरलेली इंडेक्सची एक ओळ महिनाअखेरीस रुपयांत दिसते!

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये याहून खोल एक गोष्ट दडलेली आहे. बदल करणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला तिथे ३२ बिटांचा क्रमांक मिळतो. असे क्रमांक सुमारे ४२९ कोटी. ते चक्राकार फिरतात आणि त्यातले निम्मे ‘आधीचे’ मानले जातात, म्हणून साधारण २१४ कोटी व्यवहारांच्या आत जुन्या नोंदींवर ‘कायमची जुनी’ अशी खूण करून घ्यावी लागते. हे काम व्हॅक्यूम नावाची प्रक्रिया मागच्या बाजूला गुपचूप करते. पण तुमच्या प्रोग्रामने एखादा व्यवहार उघडून तसाच सोडून दिला, तर ती तिथेच अडते. क्रमांक संपत आले, की डेटाबेस नवं काही लिहायलाच नकार देतो. डिस्क, वीज, बॅकअप हे सगळं सेवा देणारी कंपनी सांभाळते. तो उघडा राहिलेला व्यवहार बंद करायला हवा की नको, हे मात्र तिला ठरवता येत नाही. त्याचा अर्थ फक्त तुम्हाला माहीत असतो.

मॅनेज्ड सेवेची खरी सीमारेषा इथे आहे. यंत्राची काळजी भाड्याने मिळते, डेटाची समज मिळत नाही. म्हणून पुढचं बिल आलं, की नुसता शेवटचा आकडा पाहू नका. प्रत्येक ओळीला विचारा: तू अंतराची आहेस, प्रतींची आहेस, व्यापाराची आहेस, की माझ्याच प्रोग्रामची? यातल्या शेवटच्या प्रकारच्या ओळी पुसणं सर्वस्वी आपल्या हातात असतं आणि त्याला बहुतेक वेळा नवं यंत्र लागत नाही. एक इंडेक्स पुरतो.